चोविसावं नाव

८ डिसेंबर १९१८

लीनहार्टच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथे लिहायला सुरुवात करतेय. पुढच्या पानांवर माझ्या मुलाने सरावासाठी काढलेली अक्षरं आहेत, ती मी उलटत नाही. लिहायचं कारण एवढंच की तोंडाने बोलायची सोय राहिलेली नाही. काल पावाच्या दुकानात मी नेहमीसारखा जर्मन नमस्कार केला. जिने तीस वर्षं मला याच भाषेत पाव विकला, ती बाई इकडेतिकडे बघत म्हणाली, "हळू बोल, सालोमे." मग मी बाहेर पडताना मुद्दाम आणखी मोठ्याने केला.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जर्मनीने फ्रान्सकडून घेतलेला हा आमचा प्रांत परत घ्यायला गेल्या महिन्यात फ्रेंच सैन्य आलं. त्याच आठवड्यात आमच्या खानावळीचा मालक गॉटलीब कॉप, टेओफिल कॉप झाला. अर्थ एकच आहे म्हणतो, देवाचा लाडका. देवाला कुणी विचारलं नाही. आता तो व्हिल्सबाखचा मेयर आहे. चार वर्षं कैसरच्या वाढदिवसाला खानावळीवर झेंडा लावायचा, आता फ्रान्सचा लावतो. काठी मात्र तीच आहे, मी पाहून आले.

माझं म्हणाल तर मी पाथरवटाची बायको. दगडाची भुकटी छातीत बसून नवरा १९१५ साली गेला, मुलगा आघाडीवर होता, आणि कबरींवर नावं तर हवीच होती. म्हणून छिन्नी मी हातात घेतली. आता माझ्यासारखं अक्षर या खोऱ्यात कुणी कोरत नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. त्यांना सांगावं लागतं, कारण दुसरा कुणी उरलेला नाही.

२२ डिसेंबर

नव्या फ्रेंच सरकारकडून सगळ्यांना ओळखीची कार्डं मिळाली. आईबाप दोघे इथले असतील तर ए, एक बाहेरचा असेल तर बी, आणि जर्मनीतून आलेल्यांना डी. जत्रेत गुरं निवडावीत तशी माणसं निवडली. मला ए.

शाळामास्तर ब्रॉकमानला डी मिळालं. तीस वर्षांपूर्वी तो जर्मनीतल्या वेस्टफालियातून इथे बदलून आला आणि त्याने माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीशी, प्लोनीशी लग्न केलं. ती इथलीच, म्हणून तिला ए. एका घरात दोन अक्षरं. त्यांचा मुलगा गेरहार्ट असता तर त्याला बी मिळालं असतं. पण तो आणि माझा लीनहार्ट एकाच आठवड्यात, रशियाच्या बाजूला कोवेलजवळ, जून १९१६ मध्ये गेले. बातमी दोघींना एकाच दिवशी आली. त्या दिवशी मी आणि प्लोनी माझ्या स्वयंपाकघरात संध्याकाळपर्यंत बसून होतो आणि एकीनेही चूल पेटवली नाही.

ब्रॉकमानशी मात्र मी १९१४ पासून बोलत नाही. पुढेही बोलणार नाही.

१४ जानेवारी १९१९

खानावळीत वाद झाला, युद्ध कशामुळे झालं. गॉटलीब म्हणाला, कैसरमुळे. सुताराचं म्हणणं, तो ऑस्ट्रियाचा राजपुत्र मारला त्यामुळे. कुणी म्हणालं, फ्रान्सला आपण परत हवे होतो. त्यावर दीबोल्टकाका, आमच्या दगडाच्या खाणीतले म्हातारे, ग्लास खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे आपल्यासाठी एवढी माणसं मेली? मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, एवढे काही आम्ही छान नाही."

सगळे हसले. मी म्हटलं, "मला विचारा. युद्ध ब्रॉकमानमुळे झालं."

आणखी हसले. हसू देत. कैसर मी पाहिला नाही. साराजेव्हो कुठे आहे मला माहीत नाही. पण १९१४च्या २ ऑगस्टला ब्रॉकमानने शाळेतली पोरं रांगेत उभी केली, प्रत्येकाच्या हातात कागदी झेंडा दिला, आणि आमच्या मोठ्या मुलांना गात गात स्टेशनापर्यंत पोचवलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. सगळ्यात पुढे माझा लीनहार्ट आणि त्याचा स्वतःचा गेरहार्ट, हातात हात घालून. रडणाऱ्या आयांना तो माणूस म्हणाला, "बायांनो, आजच्या दिवशी रडायचं नसतं."

त्याच आठवड्यात लीनहार्टला खरं तर डोंगरापलीकडे, फ्रान्समध्ये, सेंट-डिएला माझ्या भावाकडे जायचं होतं. एका दिवसाची वाट. पण हातात बुर्गरांच्या नव्या घराची दारावरची शिळा होती. त्या शिळेवर नवरा-बायकोची नावं आणि साल कोरतात. नावं अर्धी टाकून पाथरवट गेला तर त्या घरातला संसार टिकत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, पुरी कर, मग जा. ३१ जुलैच्या संध्याकाळी त्याने सालातला शेवटचा आकडा कोरला. इतकं देखणं काम की बापाने केलं नसतं. तोवर घाटात पहारे बसले होते. काही असो, माझ्या मुलाने अक्षर अर्धवट टाकलं नाही, हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगेन.

६ मार्च १९१९

तालुक्याच्या गावात छाननी समितीसमोर जाऊन आले. कोण राहावं आणि कोण जावं, ते ही समिती ठरवते. टेबलामागे तीन पुरुष, त्यातले दोघे आमच्याच भागातले. गॉटलीबने वाटेत शिकवलं होतं, "विचारलं तेवढंच सांग, जास्त शहाणपणा नको." मी मला हवं ते सगळं सांगितलं. झेंडे, गाणं, स्टेशन, रडू नका म्हणाला ते. एक शब्द खोटा नाही.

ब्रॉकमान समोरच उभा होता, रविवारचा काळा कोट घालून. अध्यक्षाने विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तो माझ्याकडे बघत राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "बाई खरं सांगतायत. मला काही सांगायचं नाही."

अपराधी माणूस आणखी काय बोलणार?

बाहेर बाकावर प्लोनी बसली होती. मला पाहून ती सरकली, जागा केली. मी बसले नाही, गाडी चुकेल म्हणून. गाडीला अजून एक तास होता.

२८ मार्च

ब्रॉकमान गेला. चोवीस तासांची मुदत, माणशी तीस किलो सामान, आणि केल गावच्या पुलावरून ऱ्हाइनपलीकडे, जर्मनीत. तीस वर्षांत त्याने या गावाला लिहा-वाचायला शिकवलं, असं आज दीबोल्टकाका म्हणाले. मी म्हटलं, आणि मरायलाही.

सकाळी प्लोनीच्या दारात गेले. ती पेटीला दोरी बांधत होती.

"अगं, तुझं कार्ड ए आहे. तुला कोण हात लावतंय? राहा की."

"कार्ड माझं आहे, नवराही माझाच आहे. तुझ्याकडे जाड दोरी आहे का?"

मी घरून दोरी आणून दिली. तिने गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना कबरच नाही, सालोमे. तुझ्याला नाही, माझ्याला नाही. कधी लीनहार्टचं नाव कुठे कोरशील, तर माझ्याचंही कोर."

मी म्हटलं, "बघू."

स्टेशनावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी चिखल फेकला, तो ब्रॉकमानच्या काळ्या कोटावर बसला. मी फेकला नाही. पण फेकणाऱ्याचा हातही धरला नाही. इथे तरी खरं लिहावं.

२९ जून

काल व्हर्सायला तह झाला. चर्चची घंटा अर्धा तास वाजत होती, दोर ओढणारा घामाघूम झाला. त्या तहात एक कलम आहे म्हणे, युद्धाचा सगळा दोष जर्मनीचा. जर्मनांनी सही केली. गॉटलीबने खानावळीत ते कलम फ्रेंचमधून वाचून दाखवलं, आणि कुणालाच कळलं नाही म्हणून मग आपल्या बोलीत सांगितलं.

मला बरं वाटलं. कुणीतरी लिहून ठेवलं की दोष कुणाचा. प्रत्येक गावाने असं एक कलम लिहावं. आमच्या गावाने लिहिलं आणि पुलापलीकडे पाठवलंही. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१५ फेब्रुवारी १९२०

युद्धात गेलेल्या पोरांचं स्मारक ठरलं. मेयर कॉप नवीन शिक्षिकेला घेऊन माझ्या कारखान्यात आला. ती मादमोआझेल दुफ्रेन, पॅरिसकडची, पोरगी गोड आहे, पण आमची बोली तिला ओ की ठो कळत नाही. हातात छापील पुस्तक. त्यात लोखंडाचे, सिमेंटचे तयार शिपाई. पाहिजे तो निवडायचा, रेल्वेने घरपोच येतो.

"हा छान आहे," गॉटलीब म्हणाला. फ्रेंच शिरस्त्राण, हात उंच, छातीवर पदक.

"आपल्या एकाही पोराने हे शिरस्त्राण घातलं नव्हतं, गॉटलीब. घालणाऱ्यांवर गोळ्या झाडायला नेलं होतं त्यांना."

"टेओफिल. आणि हळू बोल."

"तिला कुठे कळतंय?"

मादमोआझेल गोड हसली. शेवटी ठरलं, शिपाई नको. आपल्याच खाणीतला तांबूस दगड, उभा, त्यावर तेवीस नावं आणि वर एक ओळ, 'मातृभूमीसाठी प्राण वेचणाऱ्यांना'.

"कुठल्या मातृभूमीसाठी?" मी विचारलं.

"ते लिहायचंच नाही. नुसतं मातृभूमी. ज्याची जी असेल ती."

त्याचं डोकं अशा ठिकाणी मात्र चालतं.

जाताना तो दारात घुटमळला. "आणि गेरहार्ट ब्रॉकमानचं काय करायचं? जन्मला तर इथेच. यादीत घातलं तर प्रांताधिकारी विचारतील, हा कोण. पण तू म्हणत असशील तर…"

मी म्हटलं, "नाही. ज्याच्या बापाने आमची पोरं गात नेली, त्याचं नाव माझ्या मुलाशेजारी मी कोरणार नाही."

गॉटलीबने सुटकेचा निःश्वास टाकला. "तूच म्हणालीस हं," म्हणाला.

२ जुलै

दगड आला. दीबोल्टकाकांनी स्वतः निवडलाय, एक शीर नाही, एक डाग नाही. तो उभा करून घेतल्यावर त्यांनी माझी लाल खडूची आखणी वाचली. बोटाने ओळी मोजल्या.

"पोरी, तेवीसच?"

"यादीत तेवीसच आहेत, काका."

"गेरहार्ट माझ्या खाणीतल्या तळ्यात पोहायला शिकला. तुझ्या लीनहार्टनेच ढकललं होतं त्याला."

"तुम्ही दगडाचं बघा, नावांचं मी बघते."

काका चहाकॉफीला न थांबता गेले, असं याआधी कधी झालं नव्हतं.

नावं आडनावाच्या क्रमाने आहेत. बीट हे आमचं आडनाव सगळ्यात वर येतं. मी मात्र खालून सुरुवात केलीय, झिमरपासून. लोकांना सांगितलं, माझी काम करायची पद्धतच तशी आहे. खरं म्हणजे लीनहार्टवर छिन्नी ठेवायला हात धजत नाही. तो शेवटी येईल. तोवर हात तयार होईल.

३ सप्टेंबर

प्लोनीचं पत्र आलं. दीड वर्षात पहिलं. जर्मनीत बिलेफेल्डजवळ कुठेतरी एका खोलीत राहतात. तिथे शेजारी त्यांना फ्रेंच म्हणतात आणि विहिरीवर शेवटी पाणी भरू देतात. मास्तर आजारी असतो. पत्रातला पुढचा भाग जसाच्या तसा उतरवतेय, कारण माझ्या शब्दांत लिहायची माझी हिंमत नाही.

"यांनी मला शपथ घातली होती की सालोमेला सांगायचं नाही. मी शपथ मोडतेय. तू जन्मभर यांना शाप द्यावेस, हे मला सोसत नाही. यांनी झेंडे वाटले ते खरं आहे. हुकूम होता, आणि खोटं कशाला सांगू, गाताना यांचे डोळे भरून आले होते ते अभिमानानेच. पण त्याआधी, २९ जुलैला, हे लीनहार्टला शाळेमागे भेटले. म्हणाले, आज निघ, उद्या घाट बंद होईल. गेरहार्टला मी पाठवणार, ते माझं कर्तव्य आहे, पण पोरा, हे तुझं भांडण नाही. वाटेसाठी स्वतःचे बूट काढून दिले, तुझ्याचे फाटले होते. तो दुसऱ्या दिवशी बूट परत घेऊन आला. म्हणाला, आई म्हणते शिळा पुरी केल्याशिवाय जायचं नाही. समितीसमोर यांनी एवढं सांगितलं असतं तर कदाचित आम्ही आज तिथे असतो. मी घरी येऊन खूप भांडले. हे म्हणाले, ते सांगायचं म्हणजे त्या बाईला भर सभेत सांगायचं की मुलगा तिने अडकवला. तिला जगायला काहीतरी हवं ना."

४ सप्टेंबर

खोटं आहे. नवऱ्याला वाचवायला रचलंय.

५ सप्टेंबर

खोटं नाही. त्या संध्याकाळी लीनहार्ट घरी आला तेव्हा त्याच्या काखेत दुसऱ्याच कुणाचे तरी बूट होते. मी विचारलंसुद्धा नाही कुणाचे. त्याने मला विचारलं, "आई, शिळा अशीच राहिली तर?" मी काय बोलले ते १४ जानेवारीच्या पानावर मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलंय. पण तिथे हे लिहिलं नाही की त्याने तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा मी चिडले. लोक नावं ठेवतील म्हटलं, बीटांच्या घराण्यात असं कधी झालं नाही म्हटलं. बुर्गरांच्या घरातला संसार टिकावा म्हणून मी माझा मुलगा ठेवून घेतला. तो बुर्गरही पहिल्याच महिन्यात पडला. त्याचं नाव मी गेल्या आठवड्यात कोरलं.

मी ठेवून घेतला. दुसऱ्या कुणी नाही.

आज कारखान्यात गेले नाही. जेवले नाही. देवाशी भांडून झालं, नवऱ्याच्या कबरीशी भांडून झालं. सगळ्यात जास्त राग मास्तरांचा आला. एक वाक्य बोलायचं होतं त्या माणसाला. एकच. माझ्यासाठी गिळलं, आणि कोटावर चिखल घेऊन गाडीत बसले. कुणी सांगितलं होतं एवढं मोठं मन करायला?

७ सप्टेंबर

रडून झालं. आता काम.

दगडावर माझं एकच नाव कोरायचं राहिलंय, लीनहार्टचं. त्याच्या वर मातृभूमीच्या ओळीची जागा. बीटच्या नंतर क्रमाने ब्रॉकमान येतो आणि मग बुर्गर. शाळेच्या हजेरीतही लीनहार्ट आणि गेरहार्ट एकाखाली एकच होते. ओल्या फडक्याने वरचा लाल खडू पुसला. लीनहार्टला एक ओळ वर सरकवलं, आणि त्याच्या आधीच्या जागी गेरहार्ट बसवला. वर थोडी जागा उरली, तिथे फक्त एवढंच मावतं: 'व्हिल्सबाखची मुलं'.

मातृभूमीला जागा उरली नाही. माझा इलाज नाही.

लीनहार्ट सकाळी कोरला, गेरहार्ट दुपारी.

२० सप्टेंबर

गॉटलीब दगड बघायला आला. आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"हे काय आहे, सालोमे?"

"चोवीस नावं."

"यादीत तेवीस आहेत!"

"यादी चुकली होती."

"तूच तर म्हणालीस नको! माझ्यासमोर! या इथे!"

"म्हणाले होते. चुकले होते. तू नाव बदललंस, मी मत बदललं."

"आणि मातृभूमी? मातृभूमी कुठाय?"

"जागा नाही उरली."

"मातृभूमीला जागा नाही उरली?"

"गेरहार्ट बसलाय तिथे."

तो दगडाच्या ढिगावर मटकन बसला. मग समजावणीच्या सुरात सुरू झाला. प्रांताधिकारी येणार आहेत. जर्मन मास्तरचं पोर पाहिलं तर स्मारक मंजूर होणार नाही. मेयर म्हणून माझ्यावर चौकशीचे कागद तयार होतील. कबरस्तानाचं सगळं काम पंचायत दुसऱ्याला देईल, आणि मग सालोमे, तू खाणार काय?

"कोबी," मी म्हटलं. "परसात आहे."

"खोड ते नाव."

"नाव खोडायची छिन्नी माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असेल तर आण, आणि तूच खोड. मात्र चौकात उभा राहून खोड, भर दिवसा, त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांसमोर."

तो गेला. मी भ्यायले नाही असं नाही. कबरस्तान गेलं तर या कारखान्याला कुलूपच लागेल. पण ही भीती मला आवडली. दोन वर्षांत पहिल्यांदा बरोबर गोष्टीसाठी भीती वाटतेय.

१८ ऑक्टोबर

गॉटलीबने शेजारच्या गावचा पाथरवट बोलावला, नाव बुजवायला. तो आला, दगड पाहिला, खानावळीत मेयरच्या खर्चाने दोन ग्लास वाईन प्यायला, आणि छिन्नी घरी विसरलो म्हणून परत गेला. दीबोल्टकाका वाटेवरच उभे होते. त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. पण आज ते माझ्याकडे कॉफीला थांबले, आणि कुगेलहोफ केकचे दोन तुकडे खाल्ले.

संध्याकाळी गॉटलीब तडजोड घेऊन आला. नाव राहू दे. पण समारंभाच्या दिवशी त्या ओळीवर मोठा हार टेकवायचा, आणि वाचताना ते नाव वाचायचं नाही. "पाहुणे गेले की हार काढ, मग वर्षभर वाच तुझं तू," म्हणाला. "मला संसार आहे गं."

त्याचंही काही खोटं नाही. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

११ नोव्हेंबर

आज अनावरण झालं. जे झालं ते नीट लिहिते, कारण उद्यापासून गाव त्यात मीठमसाला घालील.

चौक भरला होता. पुढे शाळेची पोरं, पांढऱ्या कॉलरमध्ये. प्रांताधिकारी उंच टोपी घालून, थंडीने नाक लाल झालेलं. फडकं ओढलं. दगड उघडा झाला आणि गेरहार्टच्या ओळीवर देवदाराचा भलामोठा हार, फ्रान्सच्या तिरंगी फितीसकट. हार जरा मोठाच होता, त्यात माझ्या लीनहार्टचं अर्धं आडनावही गेलं.

मग गॉटलीब कागद काढून वाचू लागला. "बीट, लेओनार."

माझ्या लीनहार्टला जन्मात कुणी असं फ्रेंच थाटात लेओनार म्हटलं नव्हतं. मी तेवढं गिळतेय तोवर समोरची सगळी पोरं एका सुरात ओरडली, फ्रेंचमध्ये: "फ्रान्ससाठी मरण पावला!"

मादमोआझेलने बसवलं होतं. तिच्याकडे गावोगावी असंच करतात म्हणे. नाव घ्यायचं आणि पोरांनी उत्तर द्यायचं. तिला कुणी सांगितलंच नसणार की आमची पोरं कुठल्या कोटात मेली. "बुर्गर, जाक." फ्रान्ससाठी मरण पावला! माझ्या शेजारी बुर्गरची विधवा उभी होती. तिला हसू फुटलं आणि त्या हसण्याचं रडू झालं, तिलाच कळलं नाही कधी ते. दीबोल्टकाका टोपी हातात घेऊन आकाशाकडे बघत होते. तेवीस वेळा. जर्मन कोटात मेलेली तेवीस पोरं, एकेक करून फ्रान्ससाठी मेली.

गॉटलीबने कागदाची घडी घातली.

मी ठरवून गेले नव्हते. पाय आपोआप पुढे गेले. दगडापाशी जाऊन मी तो हार उचलला आणि खाली पायरीवर ठेवला. मग पोरांकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हटलं, "ब्रॉकमान, गेरहार्ट."

गॉटलीबने डोळे मिटून घेतले. पोरं मादमोआझेलकडे बघू लागली, ती माझ्याकडे. पहिल्या रांगेत दीबोल्टकाकांची नात रोझीन होती, बारा वर्षांची. वाचायला-लिहायला मास्तरांकडेच शिकली, १९१४ साली सहा वर्षांची असताना तिच्याही हातात एक झेंडा होता. ती माझ्याकडे रोखून बघत होती. तिने श्वास घेतला आणि एकटीच ओरडली, "फ्रान्ससाठी मरण पावला!" मग तिच्या बाजूची. मग सगळी. तेवीस वेळा ओरडली नव्हती इतक्या जोराने ओरडली. मादमोआझेल नंतर म्हणाली, सवयीने दिलं मुलांनी उत्तर. असेल.

खोटंच आहे ते. पण बाकीच्या तेविसांबद्दल होतं तेवढंच खोटं. निदान आता तो सगळ्यांच्या बरोबरीने आहे.

प्रांताधिकाऱ्यांनी टोपी काढली. इतरांच्या नावाला काढली होती तशीच. मग गॉटलीबकडे वाकून विचारलं, "हे नाव यादीतून चुकून राहिलं होतं का?"

गॉटलीबने माझ्याकडे पाहिलं. दगडाकडे पाहिलं. आजूबाजूच्या आयांकडे पाहिलं, आणि त्यातली एकही हलली नाही.

"हो," मेयर कॉप म्हणाला. "चुकूनच राहिलं."

उद्या कबरस्तानाचं काम काढून घेतलं तर घेवोत. आज घरी येऊन आधी प्लोनीला पत्र लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की माझ्या मुलाला मी अडकवलं आणि तुझ्या नवऱ्याला मी घालवलं, दोन्ही मीच, आणि तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. मग आजची हकीकत लिहिली, पोरांच्या आवाजासकट. शेवटी लिहिलं: मास्तरांना सांग, आज त्यांच्या मुलाची हजेरी घेतली. त्यांच्या वर्गाने उत्तर दिलं.